महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठे आणि पदवी प्रवेश

महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठे ही राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेली व शासनाच्या अर्थसाहाय्यावर चालणारी उच्च शिक्षणाची केंद्रे होत. राज्यातील बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांपैकी बहुसंख्य विद्यार्थी या विद्यापीठांशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांत पदवीचे शिक्षण घेतात. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडणारे उच्च शिक्षण प्रामुख्याने याच व्यवस्थेतून मिळते. तथापि सार्वजनिक विद्यापीठाची पदवी देणारे प्रत्येक महाविद्यालय स्वस्त असतेच असे नाही. शुल्क हे विद्यापीठाच्या नावापेक्षा महाविद्यालयाचे स्वरूप, तुकडीचा प्रकार आणि प्रवेशाचा मार्ग यांवर अधिक अवलंबून असते. या लेखात सदर व्यवस्थेची रचना, प्रवेशाचे मार्ग, खर्चाचे घटक आणि सवलती यांची माहिती दिली असून रायगड जिल्ह्यातील पनवेल–तळोजा परिसराचा उदाहरणादाखल विचार केला आहे.

इतिहास

१८५४ च्या वुडच्या खलित्यातील शिफारशींनुसार १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. आरंभी हे विद्यापीठ केवळ परीक्षा घेणारे व पदव्या देणारे होते. अध्यापन संलग्न महाविद्यालयांत होत असे. विद्यापीठाने परीक्षा घ्यावी आणि महाविद्यालयाने शिकवावे, ही तेव्हाची विभागणी पदवी स्तरावर आजही बऱ्याच अंशी टिकून आहे. एकाच विद्यापीठाच्या दोन महाविद्यालयांत शुल्क व दर्जा यांचे मोठे अंतर पडते, त्याचे मूळ या रचनेत सापडते.

१९१६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठाची स्थापना केली. तेच आजचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी (एस.एन.डी.टी.) महिला विद्यापीठ होय. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. स्वातंत्र्यानंतर पुणे (१९४९), मराठवाडा (१९५८) आणि शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर (१९६२) यांची भर पडली. त्यानंतर अमरावती (१९८३), जळगाव (१९९०), नांदेड (१९९४), सोलापूर (२००४) आणि गडचिरोली (२०११) येथे विद्यापीठे झाली. प्रत्येक नव्या विद्यापीठामुळे त्या त्या भागातील विद्यार्थ्यांना परीक्षा, निकाल व प्रमाणपत्रे यांच्या कामांसाठी दूरच्या शहरात जाण्याची गरज कमी झाली.

विद्यापीठ अनुदान आयोगाला १९५६ मध्ये वैधानिक दर्जा मिळाला. मूळचे महाडजवळील नाते येथील चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे १९५६ ते १९६१ या काळात आयोगाचे अध्यक्ष होते. रायगड जिल्ह्याचे तत्कालीन नाव कुलाबा असे होते.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्यामुळे राज्यातील जागा झपाट्याने वाढल्या. पण त्याचबरोबर एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली शासकीय, अनुदानित व विनाअनुदानित अशा तीन शुल्कपातळ्या रूढ झाल्या. पुढे कला, वाणिज्य व विज्ञान शाखांतही विनाअनुदानित तुकड्या सुरू झाल्या. सध्या ही विद्यापीठे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ या कायद्यानुसार चालतात. हा कायदा १ मार्च २०१७ पासून अमलात आला असून त्याने १९९४ च्या कायद्याची जागा घेतली.

विद्यापीठांचे प्रकार

पदवी देण्याचा अधिकार केवळ कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना व तशी मान्यता असलेल्या संस्थांना असतो. महाराष्ट्रात त्यांचे पुढील प्रकार आढळतात.

राज्य सार्वजनिक विद्यापीठे : राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली. त्यांचे कुलपती राज्यपाल असतात.

केंद्रीय विद्यापीठे : संसदेच्या कायद्याने स्थापन झालेली. वर्धा येथील महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय हे राज्यातील उदाहरण होय.

अभिमत विद्यापीठे : केंद्र शासनाने विद्यापीठाचा दर्जा दिलेल्या संस्था. यांत शासकीय व खाजगी अशा दोन्ही संस्था आहेत. माटुंगा येथील रसायन तंत्रज्ञान संस्थेला २००८ मध्ये हा दर्जा मिळाला. टाटा सामाजिक विज्ञान संस्थाही याच प्रकारात मोडते.

खाजगी स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठे : यांची स्थापनाही राज्याच्या कायद्यानेच होते, मात्र त्यांना शासनाचे अनुदान नसते. कायद्याने स्थापन झालेले असल्यामुळे काही पालक अशा विद्यापीठाला शासकीय समजतात. नावात ‘विद्यापीठ’ असणे किंवा आयोगाची मान्यता असणे यावरून संस्था सार्वजनिक असल्याचे सिद्ध होत नाही.

मुक्त विद्यापीठे : नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) हे राज्याचे, तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (१९८५) हे केंद्राचे मुक्त विद्यापीठ आहे.

प्रमुख विद्यापीठे व कार्यक्षेत्र

मुंबई विद्यापीठ : मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग
सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ : पुणे, अहिल्यानगर, नाशिक
राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ : नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया
डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ : छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव
शिवाजी विद्यापीठ : कोल्हापूर, सांगली, सातारा
संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ : अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम
कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ : जळगाव, धुळे, नंदुरबार
स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ : नांदेड, परभणी, हिंगोली, लातूर
पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ : सोलापूर
गोंडवाना विद्यापीठ : गडचिरोली, चंद्रपूर
श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ : चर्चगेट, जुहू व पुणे येथे परिसर, जिल्ह्यांची मर्यादा नाही

यांशिवाय विशिष्ट विद्याशाखांसाठी स्वतंत्र सार्वजनिक विद्यापीठे आहेत. वैद्यकीय व संबंधित शाखांसाठी नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (१९९८), तर तंत्रशिक्षणासाठी माणगाव तालुक्यातील लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. कृषिशिक्षणासाठी राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथे चार कृषी विद्यापीठे आहेत. मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालय, सिडनहॅम महाविद्यालय, विज्ञान संस्था आदी जुन्या शासकीय संस्था एकत्र करून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ हे समूह विद्यापीठ स्थापन करण्यात आले.

महाविद्यालयाचे स्वरूप आणि शुल्क

शासकीय महाविद्यालये थेट शासनामार्फत चालतात. अनुदानित महाविद्यालये खाजगी शिक्षणसंस्थांची असतात; परंतु त्यांच्या मंजूर पदांवरील शिक्षकांचे वेतन शासन देते. त्यामुळे दोन्ही ठिकाणी शुल्क तुलनेने कमी राहते. विनाअनुदानित महाविद्यालयांना शिक्षकांचे वेतन व इमारतीचा खर्च मुख्यतः विद्यार्थ्यांच्या शुल्कातूनच भागवावा लागतो.

पालकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची बाब अशी की एकाच महाविद्यालयात अनुदानित व विनाअनुदानित तुकड्या शेजारी शेजारी चालतात. पारंपरिक कला, वाणिज्य व विज्ञान पदव्या बहुधा अनुदानित असतात. माहिती तंत्रज्ञान, संगणकशास्त्र, जैवतंत्रज्ञान, लेखा व वित्त, व्यवस्थापन, जनसंज्ञापन असे अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी स्वयंअर्थसाहाय्यित असतात. इमारत, ग्रंथालय व विद्यापीठ एकच असूनही या दोन प्रकारांच्या शुल्कात कित्येक पटींचे अंतर पडू शकते. त्यामुळे प्रवेश अर्जावरील ‘अनुदानित’ वा ‘विनाअनुदानित’ हा शब्द महाविद्यालयाच्या नावाइतकाच काळजीपूर्वक वाचणे आवश्यक ठरते.

खाजगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या कायद्यानुसार स्थापन झालेले शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. प्राधिकरणाने मंजूर केलेले प्रत्येक संस्थेचे शुल्क जाहीर केले जाते. त्यापेक्षा अधिक रक्कम मागितल्यास प्राधिकरणाकडे तक्रार करता येते.

स्वायत्त महाविद्यालय म्हणजे खाजगी विद्यापीठ नव्हे. अशी महाविद्यालये आपला अभ्यासक्रम व परीक्षा स्वतः ठरवतात, परंतु पदवी मूळ विद्यापीठाचीच मिळते. माटुंग्याची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था (१८८७) याच प्रकारची असून ती मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे.

प्रवेशाचे मार्ग

कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या पारंपरिक पदव्यांसाठी प्रवेश साधारणपणे बारावीच्या गुणांवर होतो. मुंबई विद्यापीठात विद्यार्थ्याला प्रथम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व नावनोंदणी करावी लागते व नंतर इच्छित महाविद्यालयांत स्वतंत्र अर्ज भरावे लागतात. केवळ नावनोंदणी केल्याने कोणत्याही महाविद्यालयाच्या गुणवत्ता यादीत नाव येत नाही.

अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, कृषी, विधी आदी अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या परीक्षांवरून व केंद्रीभूत फेऱ्यांतून होतात. २०२४–२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता घेतलेल्या व्यवसाय प्रशासन, व्यवस्थापन अभ्यास व संगणक उपयोजन या पदव्यांनाही राज्याची प्रवेश परीक्षा लागू झाली. काही महाविद्यालयांनी तत्सम विषयांचे वेगळ्या नावाचे अभ्यासक्रम परिषदेच्या कक्षेबाहेर चालू ठेवले असून त्यांना ही परीक्षा लागत नाही. अकरावी–बारावीच्या काळातच हा फरक समजून घेतल्यास ऐनवेळी परीक्षेची मुदत टळल्याचे कळण्याची वेळ येत नाही.

वैद्यकीय प्रवेश ‘नीट’ परीक्षेवर होतात. राज्यातील वैद्यकीय प्रवेशांतील विभागनिहाय ७०:३० सूत्र २०२० मध्ये रद्द करण्यात आले. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून सामाईक विद्यापीठ प्रवेश परीक्षा घेतली जाते. ती ज्या १३ भाषांतून देता येते त्यांत मराठीचा समावेश आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी तीन किंवा चार वर्षांची असून चौथे वर्ष ‘ऑनर्स’ पदवीचे आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र व दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची तरतूद आहे. चौथे वर्ष ऐच्छिक असल्याने खर्चाचा अंदाज करताना तीन व चार वर्षांचे हिशेब वेगवेगळे मांडावे लागतात.

शिष्यवृत्ती व सवलती

राज्य शासनाच्या बहुतांश शिष्यवृत्त्यांचे अर्ज ‘महाडीबीटी’ या संकेतस्थळावर भरले जातात. प्रमुख योजना पुढीलप्रमाणे आहेत.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती असून तिची उत्पन्नमर्यादा २.५ लाख रुपये आहे. अनुसूचित जमाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती व इतर मागास वर्ग यांच्यासाठी स्वतंत्र योजना आहेत. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून निवास व भोजनासाठी साहाय्य मिळते.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना ही आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांसाठी असून तिची उत्पन्नमर्यादा ८ लाख रुपये आहे. वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांमधील मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्यात आली. ही सवलत केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांना लागू आहे. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेश, खाजगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठे यांना ती लागू नाही. म्हणजेच एखाद्या मुलीने केंद्रीभूत फेरीत मिळालेली जागा सोडून संस्थास्तरावर प्रवेश घेतला, तर ती या सवलतीला मुकते.

यांपैकी बहुतेक योजनांसाठी उत्पन्नाचा दाखला व अधिवास प्रमाणपत्र लागते. प्रवर्गानुसार जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेयर प्रमाणपत्र किंवा आर्थिक दुर्बलतेचे प्रमाणपत्र यांचीही आवश्यकता असते. जात पडताळणीला वेळ लागत असल्याने ती प्रक्रिया साधारणतः बारावीच्या वर्षातच सुरू केली जाते. शिष्यवृत्तीची रक्कम बऱ्याचदा प्रवेशानंतर काही महिन्यांनी जमा होते, त्यामुळे पहिल्या हप्त्याची तजवीज कुटुंबाला आधी करावी लागू शकते.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, शिवाजी विद्यापीठ आदी ठिकाणी ‘कमवा व शिका’ योजना चालते. या कल्पनेचा पाया कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या (१९१९) परंपरेत आहे.

पनवेल–तळोजा परिसर

तळोजा हे पनवेल तालुक्यातील गाव असून तेथे मोठी औद्योगिक वसाहत आणि सिडकोची निवासी वसाहत आहे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत या परिसराचा समावेश होतो. येथील लोकवस्तीत मूळचे आगरी ग्रामस्थ, कारखान्यांतील कामगार आणि सिडकोच्या घरांमुळे राज्याच्या सर्व भागांतून आलेली कुटुंबे आहेत. त्यामुळे येथील एखाद्या घरातील मुलाची बारावी पनवेलला, तर आजोळ वा मूळ गाव दुसऱ्या विद्यापीठाच्या क्षेत्रात, अशी स्थिती सर्रास आढळते.

रायगड जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. पनवेलमध्ये रयत शिक्षण संस्थेचे महात्मा फुले कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय आणि नवीन पनवेलमध्ये चांगू काना ठाकूर महाविद्यालय आहे. वाशी येथे रयत संस्थेचेच कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय, तर उरण तालुक्यातील फुंडे येथे वीर वाजेकर महाविद्यालय आहे. जिल्ह्यातच लोणेरे येथे तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि अलिबाग येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

तळोजे पांचनंद हे रेल्वेस्थानक दिवा–पनवेल मार्गावर आहे. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी बेलापूर ते पेंधर ही नवी मुंबई मेट्रोची मार्गिका सुरू झाल्यापासून तळोजा वसाहतीतून बेलापूरच्या हार्बर स्थानकापर्यंत थेट जाता येते. तेथून कुर्ल्यामार्गे विद्यापीठाचा कालिना परिसर, वडाळ्यामार्गे माटुंगा आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमार्गे दक्षिण मुंबईतील जुनी शासकीय महाविद्यालये दैनंदिन प्रवासाच्या टप्प्यात येतात. रेल्वेच्या पासात विद्यार्थ्यांना सवलत आहे. घर ते शिक्षणसंस्था या प्रवासासाठी द्वितीय श्रेणीचा पास मुलांना बारावीपर्यंत, तर मुलींना पदवीपर्यंत विनामूल्य मिळतो. या परिसरातील मुलींच्या दृष्टीने मुंबईतील शासकीय वा अनुदानित महाविद्यालयाचा प्रवासखर्च त्यामुळे बराच कमी होतो. वेळेचा खर्च मात्र राहतोच.

खर्चाची तुलना

सार्वजनिक विद्यापीठातील पदवीच्या एकूण खर्चात शिक्षण शुल्क, परीक्षा व नोंदणी शुल्क, प्रयोगशाळा व विकास शुल्क, पुस्तके, प्रवास आणि घराबाहेर राहिल्यास निवास व भोजन यांचा समावेश होतो. अनुदानित पारंपरिक पदवीत शिक्षण शुल्क हा बहुधा लहान घटक असतो. असा विद्यार्थी पुण्यात किंवा कोल्हापुरात राहून शिकल्यास निवास व भोजनाचा खर्च शुल्काच्या कितीतरी पुढे जातो. म्हणून पारंपरिक पदवीसाठी घरापासून जवळचे अनुदानित महाविद्यालय आर्थिकदृष्ट्या सरस ठरते. अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांत हिशेब उलट होऊ शकतो : दूरचे शासकीय महाविद्यालय व तेथील शासकीय वसतिगृह मिळून होणारा खर्च जवळच्या विनाअनुदानित महाविद्यालयाच्या शुल्कापेक्षा कमी असू शकतो. निर्णयापूर्वी तीन किंवा चार वर्षांचा पूर्ण खर्च मांडून त्यातून निश्चित मिळणारी सवलत वजा करणे ही तुलनेची विश्वासार्ह पद्धत मानली जाते.

प्रवेश रद्द केल्यास मिळणाऱ्या परताव्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये नियम केले. त्यांनुसार प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास पूर्ण, त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के आणि १६ ते ३० दिवसांत ५० टक्के शुल्क परत मिळते. पुढील काही वर्षांत आयोगाने स्वतंत्र परिपत्रकांद्वारे अधिक उदार मुदती दिल्या. संस्थेला विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवता येत नाहीत.

निवडीचे निकष

अभ्यासक्रमाला संबंधित नियामक परिषदेची मान्यता, महाविद्यालयाचे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेचे (नॅक, स्थापना १९९४) मूल्यांकन, मंजूर पदांपैकी भरलेली शिक्षकपदे, ग्रंथालय व प्रयोगशाळेची स्थिती आणि मागील वर्षांतील प्रवेशाचे किमान गुण हे सर्वसाधारण निकष होत. नॅकचे मूल्यांकन विद्यापीठ व महाविद्यालय यांचे स्वतंत्रपणे होते. विद्यापीठाला उच्च श्रेणी असली तरी ती संलग्न महाविद्यालयाला आपोआप लागू होत नाही. पदव्युत्तर शिक्षणाचा विचार असलेल्या विद्यार्थ्याला पदवी जवळच्या अनुदानित महाविद्यालयातून घेऊन नंतर विद्यापीठाच्या मुख्य परिसरातील विभागात प्रवेश घेण्याचा मार्ग उपलब्ध असतो. नोकरी करत शिकणाऱ्यांसाठी मुक्त विद्यापीठे व मुंबई विद्यापीठाचे दूरस्थ शिक्षण केंद्र हे पर्याय आहेत.

मर्यादा व टीका

मोठ्या संलग्न विद्यापीठांवर परीक्षांच्या प्रशासकीय भाराबद्दल वारंवार टीका होते. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांची ऑनलाइन तपासणी सुरू केल्यानंतर निकाल दीर्घकाळ रखडले व पुढील प्रवेशांसाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्यांना त्याचा फटका बसला. त्याच वर्षी कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. अनुदानित महाविद्यालयांतील रिक्त पदे आणि तासिका तत्त्वावरील अल्पवेतनी अध्यापक हा राज्यभरातील प्रश्न आहे. कमी शुल्काची जागा मिळाली, पण विषयाला पूर्णवेळ शिक्षक नाही, अशी स्थिती त्यातून उद्भवते. विनाअनुदानित तुकड्या वाढत गेल्याने सार्वजनिक विद्यापीठांतील परवडणाऱ्या जागांचे प्रमाण घटत असल्याचा आक्षेप विद्यार्थी व प्राध्यापक संघटना घेत आल्या आहेत.

हेही पाहा

मुंबई विद्यापीठ
डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ
यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ
रयत शिक्षण संस्था
विद्यापीठ अनुदान आयोग
पनवेल तालुका